लाल दोऱ्यातलं हिरवं सोयाबीन

सोयाबीन हिरवंसुद्धा खातात, हे मला पन्नाशीला टेकल्यावर कळलं. बंगलोरला मुलीकडे गेले होते, तिथे एका हॉटेलात तिने वाफाळत्या शेंगांची वाटी मागवली. वरून जाडं मीठ. शेंग दातांत धरून दाबली की दाणा सुळकन तोंडात, गोडसर आणि मऊ. हे काय आहे गं, विचारलं तर म्हणे एडामामे, म्हणजे आपलं सोयाबीनच, कोवळं. मी तर उडालेच. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, सोयाबीनशिवाय दुसरं काही दिसत नाही. माझ्या सासरी, खाप्याला, शेतभर तेच. आणि मला ते खायला बंगलोर गाठावं लागलं! परत येताच मोबाईलवरून भाजीच्या सोयाबीनचं बियाणं मागवलं.

नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरामागे दोन खाटा मावतील एवढीच जागा आहे. आषाढात ओल धरल्यावर बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर एकेक दाणा टोचला. चौथ्या-पाचव्या दिवशी माती फुगली, दाणे मान वर काढून उभे राहिले, आणि मी शेजारच्या वहिनींना ओढत आणून दाखवले. दुसऱ्या दिवशी कबुतरांनी निम्मे उपटून टाकले. माझं डोकंच सटकलं. जुनी मच्छरदाणी काढली, चार काड्या रोवल्या आणि उरलेली रोपं झाकून टाकली.

त्याच सुमारास सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले होते. सासूबाई खाप्यालाच, गाईला सोडून त्या कुठे हलत नाहीत. सासऱ्यांनी जन्मभर सोयाबीन पेरलं, वाळवलं आणि विकलं. मच्छरदाणीतलं सोयाबीन पाहून ते इतके हसले की डोळ्याला ताण पडेल म्हणून मीच घाबरले. सोयाबीन हिरवं खायचं म्हटल्यावर तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ऑपरेशनची गरज मलाच होती.

पण पट्टी निघाली आणि म्हातारबाबा रोज सकाळी तिथेच दिसायला लागले. आधी नुसतं बघायचे, मग तण उपटून निंदायला लागले, मग अळ्या वेचायला. झाडं कमरेला आली. जांभळी बारकी फुलं, मग केसाळ शेंगांचे घोस. मी रोज शेंग चिमटीत धरून दाणा भरला का पाहायची. जीव नुसता वर-खाली व्हायचा, कारण मुलीने बजावलं होतं की शेंग टचटचीत हिरवी असते ते मोजकेच दिवस. एकदा पिवळी पडली की संपलं, दाणा कडक.

अन् एका सकाळी पाहते तर सगळ्यात चांगल्या झाडाला लाल दोरा. शेतात असा दोरा बांधला म्हणजे ते झाड बियाण्याचं, त्याला कोणी हात लावायचा नाही. ठीक आहे, एक झाड बाबांचं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन दोरे. आठवड्याभरात वाफ्यातलं एकही झाड मोकळं राहिलं नाही. त्यांना कुठलंच झाड वाईट दिसेना, आणि इकडे खालची पानं फिकट व्हायला लागली होती.

मी सुरी घेऊन बाहेर आले. ते झाडांपुढे आडवे उभे.

"बियाण्याले हात नको लावू सूनबाई. हिरवं पीक तोडत नसतात."

मग माझाही तोल सुटला. म्हटलं, "थंडीत पातेलं-पातेलं तुरीच्या शेंगा उकडून खाता, त्या काय वाळलेल्या असतात? तूर हिरवी चालते, मग सोयाबीननंच काय घोडं मारलं?"

त्यांनी एकेक झाड न्याहाळलं. मग दोन झाडांवर हात ठेवून, एवढी सोड, म्हणाले आणि आत जाऊन बसले.

मी भराभर शेंगा खुडल्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकल्या तसा स्वयंपाकघरात कोवळा, दुधाळ वास सुटला. वाटी त्यांच्यासमोर ठेवली. दोन महिने मी ज्यासाठी जीव टाकला, ते या माणसाला आवडावं एवढंच मला हवं होतं. त्यांनी तुरीसारखी शेंग दातांखाली ओढली. एक, मग दुसरी. मग वाटीच मांडीवर घेतली. मला इतका आनंद झाला की मी उगाचच गॅस पुसत बसले.

अर्धी वाटी संपली आणि ते थांबले.

"डब्बा दे. तुह्या सासूनं जिंदगीभर सोयाबीन निंदलं, तिले कोणी एक शेंग नाही खाऊ घातली. चाल खाप्याले."

आत्ता? आत्ताच. मी गाडी काढली. बाबांनी डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता, आणि रस्ताभर ते मला दामटत होते, थंडं होऊन राहिलं म्हणून. सावनेर येईस्तोवर त्यांनी दहादा तरी झाकण चाचपलं असेल.

सासूबाई गोठ्याजवळ शेणाचे हात धूत होत्या. बाबांनी त्यांना बाजेवर बसवलं, डबा उघडून समोर धरला आणि स्वतः लहान पोरासारखे तोंडाकडे पाहत उभे राहिले. सासूबाईंनी शेंग उचलली, सराईतपणे दाणे ओढले, टरफल गाईपुढे टाकलं.

"मीठ कमी पडलं," त्या म्हणाल्या.

सासरे चाट. तुले कसं माहीत, एवढंच कसंबसं विचारलं त्यांनी.

सासूबाईंनी दुसरी शेंग घेतली. "निंदणाच्या बाया दरसाली बांधावर उकडत होतो की. तुम्ही आले का पातेलं लपवत होतो. तुम्ही हिरवी शेंग तोडू देत होते काय?"