तारुण्याची सुई

संस्थान विलीन झालं आणि नव्या राज्यात म्हाताऱ्यांना कचेरीतून घरी बसवणार, अशी आवई बाड्यावरच्या चौकात उठली. मी पन्नाशीचा कारकून. तडक कंपू मोहल्ल्यातल्या डॉक्टरांकडे पुरुषी हार्मोनची, तारुण्याची सुई घ्यायला गेलो.

बाकावर सत्तरीचे एक निवृत्त घोडेस्वार मिशांना पीळ देत बसले होते. पाय टम्म सुजलेले.

"सुई लगवायला आलात ना?" त्यांनी डोळा मिचकावला. "मीही लगवली. काही दिवस जिने दौडत चढलो. आता डॉक्टर म्हणतात, हृदय थकलं. अहो, म्हाताऱ्या घोड्याला टाच मारली की पळतो हो, पण छाती फुटते त्याची!"

तेवढ्यात कंपाउंडरने विचारलं, "सुई कुणाला?"

मी घाबरून म्हणालो, "मी यांच्या सोबत आलोय."

"हो तर," घोडेस्वार गंभीरपणे म्हणाले, "हे माझे थोरले बंधू."