साहेबांनी बाहेर घेतलेला चहा

उभ्या नेवासा तालुक्यात दुसऱ्याच्या चहाला इतका भिणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आमच्या दूध संघाचे हे अंतर्गत तपासनीस. आम्ही केंद्रांवरचे सेक्रेटरी त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर ते न सांगता यायचे, तेही पहिला कॅन दारात येण्याच्या आत. खांद्याला स्वतःचा थर्मास, गाडीला अडकवलेलं स्वतःचं घडीचं स्टूल. ज्याची तपासणी करायची त्याच्या खुर्चीतसुद्धा बसायचं नाही, असा नेम. एका चेअरमनने एकदा गरम भजी आणि चहा आग्रहाने पुढे केला, तर साहेबांनी आपल्या थर्मासातला चहा चेअरमनलाच पाजला आणि वर तासभर त्याचा वजनकाटा तपासत बसले. सासुरवाडीच्या केंद्रावर तर ते पाणीही पीत नसत. तिथे त्यांचं काय कौतुक होत असेल, देव जाणे.

त्यांचा खरा राग किटलीवर. फॅट तपासायला प्रत्येकाच्या कॅनमधून कपभर दूध काढतात, मशीनला लागतं चमचाभर. उरलेलं किटलीत जमतं आणि किटली केंद्रावरच्या माणसाच्या घरी जाते, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला चोरी म्हणणारा हा पहिलाच माणूस. "अफरातफर पैशाच्या कपाटापासून सुरू होत नाही, सेक्रेटरी, या किटलीपासून होते," ते मला म्हणायचे. "आज जे केलं ते रात्री पोरांसमोर जेवताना सांगता येईल का, एवढंच बघा." आम्ही पाठीमागे खूप हसलो. पण माणूस असा चिकट, की वर्षभरात एकेका केंद्रावर उरलेलं दूध परत कॅनमध्ये जाऊ लागलं. कुणाला नोटीस नाही, दंड नाही. तपासणी संपली की रजिस्टर मिटून दोन मिनिटं गप्प बसायचे आणि विचारायचे, "आणखी काही सांगायचंय का?" लोक खरंच सांगायचे. एकाने तर तपासणीशी काही संबंध नसताना, मेव्हण्याची हरवलेली शेळी आपणच विकल्याचं सांगून टाकलं.

माझ्या केंद्रावरची किटलीही बंद झाली होती. म्हणजे तसं मी त्यांना सांगितलं होतं.

आईचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा साहेब तिला बघायला घरी आले. चहा आला तसे त्यांनी हात जोडले. म्हातारी अंथरुणातून म्हणाली, "घ्या की वो. मी काय तुमचं केंद्र हाय व्हय?" साहेब हसले आणि त्यांनी कप उचलला. एक घोट घेऊन माझ्याकडे वळले. "दूध चांगलं दाट आहे. घरच्या गायीचं?"

"व्हय, घरचंच," मी म्हणालो. आई माझ्याकडे बघत राहिली. ते दूध किटलीतलं होतं.

त्यांनी कप संपवला. दुसऱ्या दिवसापासून मी किटली खरोखर बंद केली. सांगायचं तेवढं राहून गेलं. पुढे प्रत्येक तपासणीला ते विचारायचे, "आणखी काही सांगायचंय का?" आणि माझ्यापाशी दोन मिनिटांची पाच मिनिटं बसायचे. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील.

यंदा साहेब गेले. तेराव्याला मी नेवाशाला त्यांच्या घरी गेलो. साहेबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, चहा पुढे केला आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. काकूंना नवल वाटलं नाही.

"ठाऊक हुतं त्यांना," त्या म्हणाल्या. "तुमच्या दारात दावण रिकामी दिसली हुती."

खरंच होतं. गाय मी आईच्या ऑपरेशनसाठी साहेब घरी येण्याच्या पंधरा दिवस आधीच घोडेगावच्या बाजारात विकली होती. सगळ्या तालुक्याची तपासणी करणाऱ्या माणसाला मी ती रिकामी दावण ओलांडून घरात नेलं होतं.

"मग बोलले का नाहीत?"

"म्हनायचे, चांगला मानूस हाय, यील एक दिवस आपल्या पायानं सांगायला." काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "लई वाट बघितली वो तुमची."

हातातला चहा निवून गेला. मला तो पिता आला नाही. नेवाशाहून माझं गाव अवघ्या अर्ध्या तासावर आहे.