सौसना काळी की पांढरी

करक शहराच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात रानफुलाचं नाव विचारायचं तर एकच घर, माझी नणंद फिद्दा हिचं. आणि ते घर माझंही असल्यामुळे माझी सुटका नाही. फिद्दा टेकडीवर पाच पावलं चालली की सुरू होते: "हे दहनून, मानेखाली हिरवी कॉलर बघ. ते दुसरं लाल, त्याला कॉलर नाही, ती रानखसखस." चूल विझायची, तिचं संपायचं नाही. चाळीस वर्षं ऐकतेय मी.

चार उन्हाळ्यांपूर्वी टेकडीवरून पाण्याची पाइपलाइन गेली. काळी सौसना, म्हणजे काळं आयरिसचं फूल, आमच्याकडे तेवढ्याच उतारावर होती. पांढरीही होती, कबरस्तानातून पसरलेली. वाळल्यावर दोघींचे कंद सारखेच. खोदायचं मशीन येऊन उभं राहिलं. चालक भला माणूस, फिद्दाच्या वयाचा मान ठेवून म्हणाला, "हज्जा, माझा चहा होईपर्यंत काय काढायचं ते काढा." कंद दोन जागी होते, एकीकडे काळीचे, एकीकडे पांढरीचे, आणि वेळ एकाच जागेपुरता. फिद्दाने काळीची समजून वरची जागा निवडली, पोतंभर कंद काढले आणि कबरस्तानाच्या जुन्या कोपऱ्यात लावले. तिथे आता कुणी खोदत नाही. उताराचं बाकी सगळं मशीनखाली गेलं.

किराणावाला अबू मिशआल गप्प बसेल तर शपथ. "हज्जा, कबरस्तानात पांढऱ्या कमी पडल्या म्हणून आणखी नेल्यास का?" लोक हसले, तीही हसली.

मग तीन वसंत गेले आणि आली ती नुसती पानं. फिद्दाचं हसू हळूहळू आटलं. गेल्या वर्षी शाळेच्या बाई एक निळं फूल घेऊन आल्या, तर ही म्हणते, "मला नाही माहीत. दुसऱ्या कुणाला विचारा." माझ्या हातातली खुब्बेझेची भाजी तशीच राहिली.

बाई गेल्यावर मी म्हटलं, "तुला माहीत नाही?"

"वाटतं माहीत आहे. त्या दिवशीही वाटलंच होतं."

मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. चुकीची जागा निवडली असेल तर आमच्या टेकडीची काळी सौसना हिच्याच हातून संपली होती. हे तीही जाणून होती, मीही.

यंदा कबरस्तानातल्या पांढऱ्या फुलल्या, सुकल्या. त्यानंतर एका शुक्रवारी मी नवऱ्याच्या कबरीवर गेले, तर जुन्या कोपऱ्यात दोन कळ्या. घरी येऊन सांगितलं. फिद्दा पीठ मळत होती, मळतच राहिली.

"मिटलेल्या आहेत?"

"मिटलेल्या."

"मग मला काही सांगू नकोस."

चार दिवस तिने उंबरा ओलांडला नाही. पाचव्या सकाळी शराकच्या पातळ रोट्यांचं पीठ मळता मळता म्हणाली, "तू जा. मला नाही जमायचं." गेले. कळी उमलली होती. काळी. उन्हाच्या बाजूने पाहिलं तर आत गडद जांभळी. मी माझ्या या गुडघ्यांनिशी धावत घर गाठलं. ती दारात, हात पिठाचे. मला दम लागलेला.

"पांढरी ना?" ती म्हणाली.

"पांढरी असती तर धावले असते का, वेडे?" थोरल्या नणंदेला मी आयुष्यात पहिल्यांदाच वेडी म्हटलं.

ती उंबऱ्यावर बसली आणि पिठाच्या हातांनी तोंड झाकून रडली. माझाही जीव भांड्यात पडला.

मग दोघी गेलो. फुलापाशी ती बराच वेळ बसली, हात मात्र लावला नाही. परतताना वाटेवरच्या एकूणएक झुडपाचं नाव तिने मला सांगितलं, सगळी मला पाठ असलेली. दुकानासमोर अबू मिशआल उभा होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली दिसत होती. त्याने घसा खाकरला. "हज्जा, हे पिवळं काय गं?"

"तीस वर्षं तुझ्या दारात उगवतंय, आज दिसलं?" फिद्दा म्हणाली, आणि तिथेच उभी राहून त्याला उकहुवान म्हणजे रानशेवंती समजावू लागली, पाकळ्यांपासून.

घरी शराकचं पीठ आंबून गेलं. मी नवं मळायला घेतलं.