जुन्या बेकरीत पाव मिळत नाही

इंग्लंडमधल्या एका खेड्यात मी दीड महिना काढला. त्याच्याइतकं ढोंगी गाव मी दुसरं पाहिलेलं नाही. माझा मुलगा तिथे राहतो. रोज तासभर गाडी हाकत शहरात नोकरीला जातो आणि संध्याकाळी परत आला की 'आमचं गाव, आमचं गाव' करतो. त्याने मला बोलावलं ते आईची आठवण येते म्हणून नव्हे. नाशिकला दिंडोरी रस्त्याला आमचा गुलाबाचा मळा आहे. यजमान गेल्यापासून तो माझ्या नावावर आहे. त्या मळ्यावर मुलाला त्याच्या बिल्डर मित्राबरोबर 'इंग्लिश व्हिलेज' उभारायचं होतं. दगडी बंगल्या, मध्ये तळं, तळ्यात बदकं आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणारी माणसं. फक्त माझी सही अडली होती.

"आई, तू एकदा नुसतं येऊन बघ," तो फोनवर म्हणाला. "बघितलंस की तूच सही करशील."

म्हणून बघायला गेले.

दिसायला सुंदर आहे, त्यात वाद नाही. पिवळसर दगडाची घरं, दारांवर चढवलेले वेल, मधोमध हिरवळ. पहिल्या दिवशी मीही भाबडेपणाने चार फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ताजा पाव आणावा म्हणून बाहेर पडले. 'ओल्ड बेकरी' अशी पाटी दिसली. बेल वाजवली. रेशमी गाऊनमधल्या एका बाईंनी दार उघडलं. मी माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत एक पाव मागितला. बाई इतक्या गोड हसल्या की मला वाटलं, दोन देतील. मग त्यांनी सांगितलं की बेकरी बंद होऊन जमाना झाला, त्या स्वतः लंडनहून आल्या आहेत आणि पाव हवा असेल तर सुपरमार्केट आहे, गाडीने जावं लागेल.

त्यानंतर मला पाट्या वाचायचा नादच लागला. 'ओल्ड पोस्ट ऑफिस'मध्ये दातांचे डॉक्टर राहत होते. 'ओल्ड स्कूल'मध्ये एक जोडपं आणि दोन कुत्री. पोर एकही नाही. 'ओल्ड फोर्ज' म्हणजे लोहाराची भट्टी. तिथे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांच्या हातात घण दिला असता तर त्यांनी तो स्वतःच्याच पायावर पाडून घेतला असता. लाल टेलिफोनच्या डब्यात टेलिफोन नव्हता, जुनी पुस्तकं होती. हातपंपाला दरवर्षी रंग द्यायचे, पाण्याचा मात्र थेंब नाही. चर्चची घंटा दणदणीत वाजायची आणि आत पाद्र्यासकट बोटांवर मोजण्याइतकी डोकी. शेण नाही, चिखल नाही, भांडण नाही. कोणीतरी हौसेने कोंबडा पाळला होता, तर तो पहाटे आरवतो अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली. खेड्यात राहायचं आणि कोंबडा आरवायला नको! धन्य आहे.

"आई, याला हेरिटेज म्हणतात," मुलगा म्हणाला. "त्यांनी गाव जपलंय."

"जपलंय कसलं? पेंढा भरून ठेवलंय," मी म्हणाले.

तो हसला नाही. लहानपणी माझ्या अशा बोलण्यावर पोट धरून हसायचा.

फुलांचं तर विचारूच नका. जिकडे तिकडे गुलाब. असले टपोरे, की आमच्या फुलबाजारात व्यापाऱ्यांनी झोंबाझोंबी केली असती. आणि तोडत कोणी नाही! फांदीवर फुलायचे, फांदीवरच सुकायचे आणि पाकळ्या वाऱ्यावर. आमचा मळा वाट्याने करणारं एक जोडपं आहे. त्यातल्या बाईने फोनवर विचारलं, "ताई, तिकडं फुलं हायेत का?"

"लय आहेत गं."

"मंग तोडितं कोण?"

"कोणी नाही."

"मंग ती करायची काय?"

"बघायची."

ती इतकी हसली की खोकला लागला. मग म्हणाली, "आपल्याकडं करपा पडलाय, फवारणी आज करून घिते. तुम्ही बघा निवांत."

एका रविवारी मुलाने टेबलावर नकाशा पसरला. आमच्याच मळ्याचा, पण ओळखू येईना. जिथे गोठा आहे तिथे 'ओल्ड काउशेड' नावाची बंगली. विहिरीपाशी 'ओल्ड वेल'. विहिरीवर जाळी टाकून दिवे सोडणार म्हणे. प्रत्येक बंगलीला शेकोटी आणि धुराडं. नाशिकच्या एप्रिलमध्ये शेकोटी! माणसं भाजून घ्यायची आहेत का, असं मी विचारलं.

"लूक असतो तो, आई."

"आणि आपलं जोडपं कुठे जाणार?"

"जातील कशाला? बागकामाला माणसं लागतीलच. त्याला गेटवर ठेवू, तिला झाडलोटीला." हे त्याने अगदी सहज सांगितलं. नकाशा तसाच टेबलावर ठेवून मी वर झोपायला गेले.

तिथली हिरवळ कापायला बाहेरून एक माणूस यायचा. वयाने माझ्याएवढा. दर आठवड्याला दिसत असल्यामुळे आम्ही दोन शब्द बोलायचो. एकदा मी त्याला सहज विचारलं की तू कुठला. त्याने मशीन थांबवलं आणि 'ओल्ड फोर्ज'कडे बोट दाखवलं. त्याचा आजा तिथे लोहार होता आणि हा वरच्या खोलीत जन्मला होता. आता तो शहरात दोन खोल्यांत राहतो, कारण गावात घर घेणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे. आत कधी जातोस का, असं मी विचारलं. "मागच्या नळापर्यंत," तो म्हणाला आणि पुन्हा गवत कापू लागला. त्याला त्याचं काही वाटत नसावं. मला मात्र संताप आला. बँकवाल्या गृहस्थांनी खिडकीतून हात हलवला, मी मान फिरवली.

त्या संध्याकाळी मी मुलाला नाही म्हणून सांगितलं. मळा मळाच राहील, मी सही करणार नाही.

तो आधी समजावत राहिला. मग चिडला. "या गावात कोणी खरं नाही म्हणतेस ना? बघ तरी तुझ्या मळ्यात कोण आहे! बाबा नाहीत. तू आणखी किती वर्षं बांधावर उभी राहणार? मी काही परत यायचा नाही. मग कोणासाठी ठेवायचा तो?"

'मी परत यायचा नाही.' आजवर हे तो कधी उघड बोलला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं, कारण उत्तर नको होतं. मला रडू फुटलं, आणि त्या भातुकलीच्या घरात, त्या शेकोटीसमोर रडू फुटलं याचा जास्तच राग आला.

नाशिकला परतल्यावर मी वकिलाकडे गेले आणि मळा त्या जोडप्याला लांबच्या मुदतीने कसायला लिहून दिला. माझ्यामागेही तो त्यांच्याकडेच राहील असं कलम घालून घेतलं. बाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पहाटे कळ्या काढायला आली. मुलाला मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. तुझी जमीन आहे."

फोन करणं मात्र त्याने थांबवलं नाही. दर रविवारी न चुकता करतो. तिकडे ऊन आहे की पाऊस ते सांगतो, इकडे किती उकडतंय ते विचारतो. मी सांगते. मग तो म्हणतो, "बरं, ठेवू?" तिथली माणसं अनोळखी माणसाशी जितकं गोड बोलतात, तितकंच गोड तो माझ्याशी बोलतो.