कुंभाराच्या मुलीचा दुसरा भाग

आम्ही कासारवाडीला राहायला आलो तेव्हा पिंपरीच्या बाजूला कारखाने नुकते उभे राहत होते. यांना त्यातल्याच एका कारखान्यात नोकरी लागली होती. स्टेशनापासून जवळच एका शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. हे दुपारपाळीला गेले की घर शांत व्हायचं. त्या शांततेत मी कुमारांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहिली.

कादंबरीत एका कुंभाराची मुलगी होती. माती खणता खणता ती जमिनीखालच्या नगरीत उतरते. तिथला राजा माणसांचे आवाज चोरून रांजणात कोंडून ठेवत असतो, आणि ही पोर एकेक रांजण फोडत जाते. माझी पहिली वाचक होती माझीच दहा वर्षांची लेक. शाळेतून आली की दप्तर टाकून ती दाराच्या पायरीवर बसायची आणि ताजी पानं वाचायची. एखादी जागा आवडली नाही तर तसं तोंडावर सांगायची.

शेवट मला सुचेना. सगळे रांजण फुटले, माणसं सुटली, आता पुढे काय? तेव्हा तीच म्हणाली, "राजा तिला शाप देतो. वेशीच्या दारातच तिचे पाय दगडाचे होतात. गुडघ्यापर्यंत. संपलं पुस्तक!"

"अगं, असं अर्धवट?"

"म्हणजे तुला दुसरा भाग लिहावाच लागेल," असं म्हणून ती हसत सुटली.

मी तसंच लिहिलं. पुण्याच्या प्रकाशकांना तो शेवट फार आवडला. पुस्तक निघालं, मुलांनी ते वाचलं, आणि जो तो विचारू लागला, ती सुटते कधी?

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस लेकीला ताप आला. ताप उतरला त्या सकाळी पाणी प्यायला म्हणून ती अंथरुणावरून उठायला गेली आणि तिथेच बसली. मला म्हणाली, "आई, माझे पाय झोपलेत गं."

मी तळवे चोळले. तिला गुदगुल्या होईनात.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोलिओ म्हणून सांगितलं. तिथे ती बरेच महिने होती. घरी आली ती लोखंडी पट्ट्यांचे बूट घेऊन. ते चढवताना ती दात आवळून धरायची. कुठे जायचं झालं तर हे तिला पाठुंगळी घेत. कारखान्यातून दमून आलेला माणूस, पण तिला खाली ठेवताना कधी हुश्श म्हणाला नाही.

घरमालकीण बाई मायाळू होती. रोज तेल कोमट करून आणायची आणि पोरीचे पाय चोळायची. एकदा चोळता चोळता म्हणाली, "लोकं काय बी बोलत्यात बगा. म्हनं तुमी पुस्तकात पोरीचं पाय दगडाचं केलं, म्हनून ह्ये झालं. मी म्हनलं, आसं कुटं आसतंय व्हय?"

लेक भिंतीकडे बघत होती. त्या आठवड्यापासून बाईची धाकटी मुलगी आमच्याकडे खेळायला यायची बंद झाली. तेल मात्र येत राहिलं.

मग एका रविवारी प्रकाशक स्वतः आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आल्या आल्या म्हणाले, "वहिनी, दुसरा भाग कुठवर आलाय?" एवढ्यात त्यांची नजर खाटेवर गेली, खाटेखालच्या बुटांवर गेली. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि गुपचूप चहा घेतला. निघताना अंगणात हळूच म्हणाले, "सवडीनं होऊ द्या. पण मुलं विचारतात हो."

मी लिहायला बसले. शाप उतरवणं किती सोपं होतं! एका वाक्याचं काम. पण ते वाक्य लिहायला घेतलं की पलीकडच्या खोलीतून लोखंड फरशीवर घासल्याचा आवाज यायचा. गोष्टीतल्या मुलीला चालवली तर माझी लेक ते वाचून आपल्या पायांकडे बघेल. दगडातच ठेवली तर तिला वाटेल, आईनंही आशा सोडली. खरं तर मी आशा सोडलीच होती, फक्त तिला ते कळू द्यायचं नव्हतं.

शेवटी मी कुंभाराच्या मुलीला दगडातच ठेवलं. ती वेशीवर बसून राहते, नगरीची राखणदारीण होते, येणारे-जाणारे तिचा सल्ला घेतात. यांनी ते वाचलं आणि कागद नीट जुळवून परत दिले. म्हणाले, "तुला पटतंय ना?"

बाड घेऊन मी पुण्याला गेले. प्रकाशकांनी ते ठेवून घेतलं, आठवड्यानं मला पुन्हा बोलावलं. "वहिनी, वाचक लहान आहेत. इतके दिवस वाट बघितल्यावर तिला दगडातच ठेवायची?"

"माझी आहेच ना तशी," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला आणि नुसता पुसत बसले. मी बाड पिशवीत घातलं. स्टेशनवर दोन गाड्या समोरून गेल्या, पण मला बाकावरून उठावंसंच वाटेना. तिसरीत बसले.

घरी आले तर लेकीनं पिशवीकडे बघूनच ओळखलं. "नाही ना घेतलं?"

"तुला काय माहीत त्यात काय आहे?"

"वाचलंय मी. तू पाण्याला गेली होतीस तेव्हा." पायांवरची चादर तिनं सारखी केली. मग म्हणाली, "आई, पाय दगडाचे करायचं मीच म्हणाले होते ना?"

"छे गं. ते माझ्याच डोक्यात होतं."

"खोटं बोलतेस." तिच्या आवाजात रडं नव्हतं, तेच मला सहन होईना. "तिला चालू दे. वाचणाऱ्या बाकीच्या मुलींनी काय वाईट केलंय?"

मग मी ते लिहिलं. पोळ्या लाटाव्यात तसं, मन न घालता, एकामागून एक पानं. शाप उतरला, ती उठली आणि वेशीबाहेर धावत सुटली. प्रकाशक म्हणाले, पहिल्यापेक्षा सरस झालंय. मुलांना ते खूप आवडलं. एका शाळेत मला बोलावून हार घातला. मुली टाळ्या वाजवत होत्या आणि मी त्यांच्या पायांकडे बघत उभी होते.

छापलेली पहिली प्रत मी लेकीच्या हातात दिली. मुखपृष्ठावर धावणारी मुलगी होती, तिची वेणी वाऱ्यावर उडालेली. तिनं बराच वेळ ते चित्र पाहिलं. म्हणाली, "छान काढलंय." आणि न उघडताच पुस्तक माझ्या हातात परत दिलं. ते तिनं कधीच वाचलं नाही. मीही वाच म्हणाले नाही.

पुढे ती कुबड्यांवर शिकली, नोकरीला लागली. लोक म्हणतात पोर सावरली, आणि ते खरंही असेल. प्रकाशकांनी तिसऱ्या भागासाठी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा मी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर मी गोष्ट अशी एकही लिहिली नाही. दुपारी हे कामावर गेले की मी दार लावून घ्यायची आणि भिंतीला टेकून बसून राहायची.