कॅफेटेरियातला वजनकाटा

वजनकाटा कॅफेटेरियाच्या मधोमध ठेवला होता. चोरून-बिरून नाही, चांगले रंगीत फुगे बांधून. ऑफिसात वजन उतरवायची स्पर्धा होती, टीम विरुद्ध टीम, आणि एचआरमधला एक मुलगा माइकवर एकेकाचा आकडा वाचून दाखवत होता. मी सँडल काढून चढले. त्याने आकडा वाचला. लोकांना मजा वाटली म्हणून पुन्हा वाचला.

"अरे यार, ये तो पूरी टीम को ले डूबेगी!" माझ्या मॅनेजर शालिनी मॅम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसणंच मला जास्त लागलं.

गुरुग्रामच्या त्या काचेच्या इमारतीत मी सॉफ्टवेअर लिहायचे. गोदामातल्या मालावर नजर ठेवणारी एक सिस्टिम मी जवळजवळ एकटीने उभी केली होती. दिवाळीआधी परदेशातला क्लायंट येणार होता आणि त्याला ती मीच दाखवायची, हे ठरलेलं होतं. वजन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅमनी केबिनमध्ये बोलावलं.

"बुरा मत मानना, तेरे भले के लिए बोल रही हूँ. थोड़ा कम कर ले, फिर क्लायंट के सामने खड़ी होना. नवरात्र आ ही रहे हैं. नौ दिन का व्रत रख ले, सब रखते हैं."

सब म्हणजे कोण? आम्ही नागपूरचे बौद्ध. आमच्या घरी नवरात्र नाही. दसरा आहे, तो दीक्षेचा. मॅमना हे माहीत होतं. मी नोकरीला लागले तेव्हा आडनाव ऐकून त्याच म्हणाल्या होत्या, "अच्छा, जय भीम वाले."

तरी मी व्रत धरलं. देवीसाठी नाही, प्रेझेंटेशनसाठी. बाकीचे व्रतवाले कुट्टूच्या, म्हणजे उपासाला चालणाऱ्या पिठाच्या पुऱ्या, तुपातले बटाटे, वर खीर, असा उपास करत होते. एकादशी अन् दुप्पट खाशी! मी काकडी खात होते आणि ताक पीत होते. एकदा चमचाभर बटाटा वाढून घेतला, तर शेजारून आवाज आला, "आलू? सोच ले यार." त्यांच्या ताटात कोणी डोकावत नव्हतं. मी राहायचे त्या दिल्लीतल्या द्वारकेहून निघणाऱ्या ऑफिसच्या कॅबमध्ये माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची.

आई रोज फोनवर एकच विचारायची, जेवली का. रोज खोटं सांगायचे. एका संध्याकाळी खोटं बोलायचंही त्राण उरलं नाही, म्हणून खरं सांगितलं. ती म्हणाली,

"आमच्यापाशी नव्हतं म्हणून आमी उपाशी राहिलो. तू कोनासाठी राहून राहिली वं?"

मला तिचाच राग आला. तुला नाही कळायचं, म्हणून फोन ठेवला.

नवरात्र संपलं. पुन्हा काटा, पुन्हा माइक. माझा आकडा उतरला होता. टाळ्या पडल्या. मॅमनी खांद्याभोवती हात टाकला.

"देखा? तुम लोगों में भी विलपावर होती है. बस कोई सिखाने वाला चाहिए."

तुम लोग. माझी आई लोकांची धुणीभांडी करायची. आपल्या ताटातली भाकर आमच्या ताटात सरकवून वर पाणी प्यायची आणि आम्हाला अभ्यासाला बसवायची. तिला कोणता मास्तर शिकवायला आला होता? अंगाची नुसती आग झाली. मॅमना वाटलं, मी आताही हसणार. खरं तर मलाही तसंच वाटलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मॅम, भूखे रहना हमें किसी से सीखना नहीं पड़ा. आज के बाद मेरा वजन यहाँ कोई नहीं तौलेगा. और प्रेझेंटेशन मैं ही करूँगी."

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

"ओव्हररिअ‍ॅक्ट मत कर यार," एचआरमधला तो मुलगा पुटपुटला.

मी सँडल घातल्या. काउंटरवर जाऊन राजमा-चावल घेतला आणि सगळ्यांदेखत बसून जेवले.  ताट संपवलं.

प्रेझेंटेशन मला मिळालं नाही. टीममधल्या एका सडपातळ मुलीला दिलं. आदल्या दिवशी ती बिचारी माझ्याकडे आली, "दीदी, एक बार समझा दो ना." तिचा काही दोष नव्हता. पण मी नाही म्हटलं. क्लायंटला समजून घ्यायचं असेल तर त्याला मी स्वतः समजावीन, असं तिला सांगितलं आणि मॅमनाही तसंच लिहून कळवलं. वर्षअखेरीला माझ्या नावापुढे शेरा आला, टीममध्ये मिसळत नाही.

बरोबर आहे. नाही मिसळत.

आता दुसरीकडे मुलाखती देतेय. कामाचं विचारतात तोवर बोलते. अंगाचं, वजनाचं काढलं की उठते. भाडं थकेल या भीतीने कधी कधी झोप लागत नाही, पण उठायची थांबणार नाही. ज्यांना माझं डोकं पाहिजे, त्यांच्या दारात हे अंगही येईल. भरल्या पोटाने येईल आणि सगळ्यांत पुढे उभं राहील.