मोज्यातली कुसळं

गोकुळच्या माउंटन बाईकला ना गिअर, ना शॉकप. बारामतीच्या सायकलप्रेमी मंडळींना हे वैराग्य वाटतं. गोकुळचं म्हणणं, गिअरमध्ये काटक्या अडकायच्या, म्हणून काढून टाकले. मंडळी रविवारी हेल्मेट, काळे चष्मे लावून हमरस्त्याने डाळजपर्यंत जातात आणि मिसळ खाऊन परततात. गोकुळ कंपनीतली पहिली पाळी संपवून एकटाच पिंपळीच्या माळात शिरतो.

तिथे हातभर रुंदीची एक वाट आहे. त्याच्या घरच्या मेंढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाडलेली. मेंढ्या विकल्याला बरीच वर्षं झाली. आता त्या वाटेने जाणारं एकच जनावर उरलंय, तेही रबरी पायांचं.

गोकुळचे वडील सोनबा अंगणाबाहेर फारसे पडत नाहीत. गोकुळ आला की त्याचा पाय मांडीवर घेतात आणि मोज्यात रुतलेली गवताची कुसळं उपसत बसतात. पूर्वी लोकरीतून उपसायचे तशीच.

"आबा, पायाला हात नका लावू."

"गप. मेंढरू कधी लाजलं न्हाय."

कुसळं दोन-चार असली तर वाट मोकळी. मूठभर निघाली तर गवत वाटेवर आलं. माळाची बातमी आबांना एवढीच मिळते, पण रोज मिळते.

यंदा पावसाळा सरल्यावर ओव्हरटाइममुळे गोकुळला बरेच दिवस माळावर जायला जमलं नाही. गेला तेव्हा गवत गुडघ्याला लागत होतं. वाट नुसत्या सवयीने सापडली. घराच्या वळणावर त्याने मोजे काढून खिशात कोंबले.

"मोजं कुठं?" आबांनी विचारलं.

"उकडत हुतं."

आबांनी त्याच्या पँटच्या दुमडीत बोट घातलं. मूठ भरली.

"वाट हाय का?"

"हाय की."

"मग मला ने."

दुसऱ्या दिवशी गोकुळ क्यारेज बसवायला गेला. "असल्या सायकलीला क्यारेज?" मिस्त्री सर्जेराव म्हणाला, "मग दुधाची किटली बी अडकवू का?"

शॉकप नसल्याने माळावरचा प्रत्येक दगड क्यारेजवर बसलेल्या आबांना मध्यस्थाशिवाय भेटला. त्यांनी तक्रार केली नाही. उतारापाशी मात्र म्हणाले, "थांब."

उतरून बराच वेळ बघत राहिले. गवतातून चाकाची एक बारीक रेघ तेवढी गेली होती.

"चाक लई बारीक पडतं रं."

"एकट्याचंच हाय न्हवं, आबा."

आबांनी काठी टेकली आणि चालू लागले. चार पावलांवर सवयीने हाळी घातली, "हुर्र, हुर्र," आणि कळप येतोय का ते मागे वळून पाहिलं. मागे गोकुळ होता, सायकल हातात धरून.

"चल की," आबा म्हणाले.

दोघं उताराखालच्या बाभळीपर्यंत गेले, परत आले. मागचं गवत तोवर पुन्हा उभं राहू लागलं होतं. दोघांनीही ते पाहिलं.

घरी आल्यावर आबांनी खाटेवर बसून पाय पुढे केले. धोतर कुसळांनी भरलं होतं. गोकुळने त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक उपसू लागला.

"समदी नगं काढू," आबा म्हणाले. "दोन-चार ऱ्हाऊ दे."